बसायला मनाई असलेली खुर्ची

सकाळपासून धुकं होतं, त्यामुळे लाकडाच्या सांध्यांना लावलेला सरस वाळता वाळत नव्हता. सुतारकाकांचा जीव मात्र बाजारातल्या दुकानाला विकलेल्या खुर्चीत अडकला होता. स्वतः आठवडाभर बसून पाहिल्याशिवाय ते खुर्ची कुणाला देत नसत. ही तेवढी घाईत तशीच गेली. शेवटी रंधा ठेवून ते दुकानात पोचले. खुर्ची दर्शनी काचेमागं होती, वर पाटी : ‘डिस्प्ले’.

“डिस्प्ले म्हणजे काय गं पोरी?” त्यांनी विक्रेतीला विचारलं.

“मांडून ठेवलेलं, काका. नुसतं बघायचं, बसायचं नाही.”

“अगं, पण करकरते का, ते बघून कसं कळणार?”

पोरगी हसली. “बसा, पण पटकन उठा. नाहीतर लोक तुमचीच किंमत विचारतील!”

काका बसले, डुलले, कान टवकारले. खुर्ची हूं नाही की चूं नाही.

घरी येऊन त्यांनी पुन्हा रंधा उचलला.