धुऱ्यावरचा भांडखोर शेजारी

मंडळी, आज मले माझ्या चुलतभावाचा लय हेवा वाटला.

त्याचा पाय मोडला म्हणून बाभुळगावजवळ त्याच्या वावरात गेलतो. पाहतो तर अर्धं गाव त्याचा कापूस वेचून राह्यलं! सगळ्यात पुढं शेजारचा गणपत. दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून या दोघांची बोलचाल बंद!

मी विचारलं, "तू कसा काय आला?"

"भांडण त्याचा पाय बरा झाल्यावर करू," गणपत म्हणाला. "कापूस थांबते काय?"

भाऊ बाजेवर बसून खुशाल हसत होता.

यवतमाळात माझं ऑपरेशन झालं, तेव्हा बिल्डिंगच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी आले. दार कोणी वाजवलं नाही.

जळून राह्यलो मी. तुमच्यापाशी आहे काय असा भांडणारा शेजारी? माझ्याशी तर कोणी भांडतही नाही.