गच्चीवरचं यंत्र आणि न्हाणीची चूल

किस्से धुळीसारखे असतात. घर बंद ठेवलं तरी साचतात. माझ्याकडे साचले ते थेट विमानातून!

आमच्या किनाऱ्यावरच्या हवेतली धूळ, काजळी आणि विरळ ढग मोजायला पुण्याची एक तुकडी विमान घेऊन आली होती. विमान वर मोजणार, तर खालीही एक यंत्र हवं. मृणाल नावाची शास्त्रज्ञ मुलगी मालवणजवळची घरं बघत फिरत माझ्या गच्चीवर आली. खूश झाली.

"काका, इथे आजूबाजूला कोणीच नाही! आम्हाला अगदी अशीच जागा हवी होती."

बायको गेल्यापासून या गोष्टीबद्दल माझं अभिनंदन करणारी ती पहिलीच.

*

त्यांना हवे असलेले ढग इतके पातळ, की डोळ्यांना दिसत नाहीत. एके दिवशी वैमानिक कॅप्टन जेवायला आले. म्हणाले, "आज ढग सापडला. मृणाल सांगत होती, आपण आत आहोत. मला खाली तुमची गच्ची स्वच्छ दिसत होती!"

पलीकडच्या वाडीतला दाजी सोलकढी पिता पिता थांबला. "तात्यानू, जो दिसना नाय तो ढग ह्यांका गावलो कसो?"

"दाजी, आमच्या ऑफिसात साहेब असेच असत. हजेरी रोज, दर्शन नाही."

*

यंत्र हवा ओढतं आणि त्यातला कचरा एका पांढऱ्या पट्टीवर धरतं. पट्टी किती काळवंडली ते पुण्याला आपोआप कळतं. एकदा पट्टी तांबूस झाली.

"काका, ही अरबस्तानातली धूळ. समुद्र ओलांडून आली!"

माझा मुलगा तिकडेच नोकरीला असतो. गणपतीला येईन म्हणतो, आणि येत नाही. धुळीचं बरं आहे, तिला रजा मंजूर करून घ्यावी लागत नाही.

*

मग थंडी पडली आणि रोज सकाळी पट्टी काळी होऊ लागली. पुण्यात खळबळ! कोणी म्हणे जहाजांचा धूर, कोणी म्हणे ट्रॉलर. विमान समुद्रावर घिरट्या घालून आलं. काही सापडेना.

शेवटी मृणाल माझ्याकडेच मुक्कामाला राहिली. सकाळी गच्चीवरून खाली वाकून बघते तर मी न्हाणीच्या चुलीत नारळाची सोडणं घालून फुंकतोय.

"काका! विमान तुमच्या आंघोळीच्या मागे फिरतंय!"

त्यांनी गीझर बसवून दिला. चूल बंद झाली. पट्टी पांढरीशुभ्र.

*

मोहीम संपली. विमान गेलं, कॅप्टन गेले, मृणालही गेली. यंत्र तेवढं वर्षभरासाठी ठेवलं. ते वर घुंऽऽ करत असतं, मी खाली असतो. आम्ही दोघं एकमेकांच्या कामात लक्ष घालत नाही.

एका सकाळी लाइट गेली, म्हणून चूल पेटवली. यंत्र बॅटरीवर जागंच होतं. पाणी तापायच्या आत फोन!

"काका, धूर!"

रागावली. मग विचारलं, गुडघा कसा आहे. मग, बाजारात बांगडा आलाय का. बराच वेळ बोलली.

दुसऱ्या दिवशी लाइट होती. मी तरी चूल पेटवली.

"काका, आज काय?"

"दाजीने पाचोळा जाळला गं."

पुढे रोज दाजीचा पाचोळा जळत राहिला. दाजी लेकीकडे वैभववाडीला गेला होता, तरी जळत राहिला. मृणाल रोज रागवायची, "दाजींना सांगा जरा!" आणि मग गुडघा, बांगडा, पुण्याची थंडी.

मग मला ताप भरला. उठवेना. चूल थंडच राहिली. पडल्या पडल्या मनात आलं, चला, आज पुण्याला समाधान. आज कोणी रागावणार नाही.

नेहमीच्या वेळी फोन वाजला.

"काका, आज पट्टी स्वच्छ आहे. काय झालं?"