शेजारच्या खिडकीतून दिसलेली चोरी

मंडळी, आज भरदिवसा आमच्या विहिरीवरचा पंप चोरीला गेला. आमच्या मये गावात!

आणि नेमकं त्याच वेळी मी डिचोलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना गुन्हे का घडतात ते शिकवत होते. गरिबी, संगत, मनाची जडणघडण हे सगळं झाल्यावर एक साधा सिद्धांत सांगितला. चोरी करू पाहणारा माणूस असावा, चोरण्यासारखी वस्तू असावी आणि लक्ष ठेवणारं कुणी नसावं. हे तिन्ही जुळलं की चोरी होते.

घरी आले तर पंपाच्या जागी नुसते कापलेले पाइप. शेजारच्या सुलभावहिनी त्यांच्या खिडकीत उभ्या होत्या. मधल्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, हद्दीवरून वाद झाल्यापासून आमचं बोलणं बंद आहे. तरी न राहवून विचारलं, "वहिनी, कुणी आलेलं दिसलं काय?"

"दिसलं मगे. दोघे टेम्पो घेऊन आले, पंप काढला नि गेले."

"मग हाक तरी मारायची!"

"तुमच्या आवारात डोकवायचं नाही, असं तुम्हीच सांगितलेलं न्हय?"

सांगितलं होतं. आमच्या ह्यांनी, पंचांसमोर. आणि मी बाजूला उभी राहून मान डोलावली होती.

म्हणजे लक्ष ठेवणारं माणूस होतं. आम्हीच त्याला बघू नको म्हणून बजावलं होतं.

चोराला पोलीस शोधतील. मला मात्र आज वर्गात शिकवलेलं सगळं पोकळ वाटतंय. खरं सांगा, तुमच्या शेजारच्या खिडकीत कोण असतं? आणि त्यांच्याशी तुमचं बोलणं आहे ना?