मेडलच्या कडेवरचं नाव

परवा सकाळी ब्रह्मपुरीतल्या माझ्या भांड्यांच्या दुकानात एक म्हाताऱ्या बाई आल्या. आमच्याकडे स्टीलच्या भांड्यांवर मशीननं नाव टाकून मिळतं. पण बाईंनी पिशवीतून ताट-डबा काही काढला नाही... काढलं ते फौजेतलं मेडल!

"भाऊ, याच्यावर माह्या मालकाचं नाव होतं. पुन्हा लिवून देता का?"

गोल, रुपेरी मेडल. वर रंगीत पट्ट्यांची रिबन, मधोमध आपली सिंहमुद्रा. जवानाचं नाव समोर नसतं, बारीक अक्षरांत कडेवर कोरलेलं असतं. इथे ती कड साफ गुळगुळीत...

मालक ड्युटीवर असतानाच गेले आणि नंतर हे मेडल टपालानं घरी आलं. तेव्हापासून दर दिवाळीला बाई ते घरच्या पितळी भांड्यांसोबत चिंच-राख लावून घासायच्या. "चमकाले पायजे म्हणून घासो जी... नातीनं पाह्यलं तं म्हणे, आजी, नावच नाई. मीच मिटवलं भाऊ, माह्याच हातानं." असं म्हणत त्या काउंटरला धरून रडायला लागल्या.

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण आपल्याला शहाणपणाची भारी हौस ना! मोबाइलवर शोधलं. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्याची आठवण म्हणून काढलेलं मेडल निघालं... त्या वेळी नोकरीत असलेल्या सगळ्यांना दिलेलं.

समजूत घालावी म्हणून बोलून गेलो, "बाई, एवढं काऊन रडता? हे बहादुरीचं नाई. सगळ्यायलेच भेटलं होतं."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. माझ्यावर चिडल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

"सगळ्यायले भेटलं ना भाऊ? मंग त्यायचे माणसं घरी आले. माह्या घरी हेच आलं."



मी मशीन सुरू केली. मालकांचा फौजेतला नंबर आणि नाव त्यांनी न अडखळता सांगितलं. ताटावर नाव टाकायला मला दोन मिनिटं पुरतात, या कडेला अर्धा तास लागला. एक अक्षर जरा वाकडं आलंच.

बाईंनी मेडल कपाळाला लावलं आणि माझ्याच डोक्यावर हात ठेवून बसस्टँडकडे निघाल्या. तेव्हा माफी मागायची राहिली, म्हणून इथे लिहितोय... चुकलं माझं, बाई. तरी तुम्ही मलेच आशीर्वाद देऊन गेल्या.