ठो म्हटलं की हात वर

आमच्या गावात अमेरिका तात्यांना कुणी रामराम घालत नसे. त्यांना गोळी घालत. स्टँडवरच्या हॉटेलात तात्या शिरले की कुठल्यातरी बाकड्यावरून कुणीतरी दोन बोटं त्यांच्यावर रोखायचं आणि म्हणायचं, "ठो." तात्या जागच्या जागी थांबायचे, दोन्ही हात वर करायचे, डोळे मोठे करायचे. मग ज्यानं गोळी घातली त्यानंच म्हणायचं, "जस्ट जोकिंग." तेवढं कानावर पडलं की तात्या हात खाली घेऊन चहा सांगायचे. सत्तरीचा माणूस, अंगावर धोतर-सदरा, डोक्याला अमेरिकेची निळी टोपी आणि हात आभाळाकडं. कडा गावाकडनं येणाऱ्या एसटीतला नवखा माणूस हे बघून खिडकीतून अर्धा बाहेर यायचा.

तात्या एसटीत कंडक्टर होते. उभी हयात आष्टी, कडा, बीड अशा फेऱ्या केल्या. माणूस मुळात तोंडाचा गोड, त्यात खाकीची सवय, त्यामुळे रिटायर झाल्यावरही चारचौघांत बसले की "पुढं सरका, पुढं जागा हाय" म्हणूनच बोलायला सुरुवात करायचे. त्यांचा एकुलता एक मुलगा सुदाम. सुदाम आणि मी शाळेत एका बाकावर. मी इथल्याच शाळेत मास्तर झालो आणि सुदाम सासऱ्यांच्या ओळखीनं अमेरिकेला गेला. तिथं एका पेट्रोल पंपावरच्या दुकानात लागला आणि पुढं ते दुकान त्यानंच घेतलं. सुदामची आई, आमच्या काकू, गेल्यापासून तात्या एक वर्षाआड त्याच्याकडं जायचे, थंडी पडायला लागली की परत यायचे. येताना सगळ्या हॉटेलाला पुरतील एवढ्या गोष्टी आणायचे.

ते ठोचं खूळही त्यांनीच आणलं. सुदामच्या दुकानात रोज सकाळी एक गिऱ्हाईक कॉफी प्यायला यायचं. बॉब त्याचं नाव. हा एवढा धिप्पाड गडी, ट्रक चालवायचा. दारातून आत येतानाच काउंटरमागच्या सुदामवर बोटं रोखायचा आणि ठो म्हणायचा. सुदाम हात वर करायचा. बॉब म्हणायचा, "जस्ट जोकिंग, सॅम." तिथं सुदामला सगळे सॅमच म्हणायचे. तात्यांनी हे हॉटेलात उभं राहून करून दाखवलं; एकदा बॉब झाले, एकदा सुदाम झाले. लोक हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवशी बबन ऊसतोड्यानं दारातच तात्यांवर बोटं रोखली आणि तिथून ती गावाची रीतच पडली. बबनचा ठो सगळ्यांत मोठा, पार चौकापर्यंत ऐकू जायचा.

अमेरिकेचं राजकारण तात्यांनी आम्हाला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पेपरनं शिकवलं नाही. "अमेरिका म्हंजी काय," ते म्हणायचे, "लई मोठ्या गावची ग्रामपंचायत. दोन गट. ह्या गटाचा त्या गटाच्या दारात पाणी पिणार न्हाई." तिथं जो तो म्हणतो आमी जगात एक नंबर, हे सांगताना तात्या अंगठा वर करून छाती फुगवायचे. "घरावर झेंडा, गाडीवर झेंडा, टोपीवर झेंडा. आन् एक नंबरवाल्याच्या दाराला कुलपं तीन. मी सुदामला म्हनलं, आरं, एवढं जगाला भेव दाखवतेत ही लोकं, मग रातच्याला कुनाला भेतेत?" सुदाम काय म्हणाला, असं आम्ही विचारायचो. "हसला," एवढंच तात्या सांगायचे.

एकदा सुदामनं त्यांना एका पुढाऱ्याची सभा दाखवायला नेलं होतं. त्या सभेची गोष्ट तात्यांनी आम्हाला कितीदा सांगितली असेल, आणि आम्ही ती कितीदा मागून घेतली असेल. "पुढारी उभा राहिला आन् त्यानं एकेकाला नावं ठिवायला सुरुवात केली. ह्यो रडका, त्यो जाड्या, ती चेटकीन. बाहेरून आलेली लोकं अशी न् बाहेरून आलेली लोकं तशी. समदी सभा पोट धरून हसती. मी बी हसलो. मला विंग्रजी निम्मं कळंना, तरी हसलो." मग चहाचा घोट घेऊन म्हणायचे, "घरी आलो न् इचार केला, मी कावून हसलतो?"

या गोष्टीच्या शेवटी त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं. "आधी हसून घेतेत, मग हानतेत. ज्या मानसाला हसून झालं, त्याला हानताना हात जड होत न्हाई." तेव्हा आम्हाला वाटायचं, तात्या आपल्याकडच्या पुढाऱ्यांना टोमणा मारतायत. ते खोटंही नव्हतं. आमच्या चौकात कुणाचा तरी पुतण्या कमरेचं पिस्तूल दिसेल असा उभा राहून फ्लेक्सवर हसत असतो, खाली लिहिलेलं असतं 'भावी' अमुक. पोरं त्या फ्लेक्सपुढं फोटो काढतात. अमेरिका काय आणि आष्टी तालुका काय, तात्यांच्या हिशेबी एकाच रस्त्यावरचे दोन थांबे होते.

पण हॉटेलात सांगायच्या गोष्टी वेगळ्या आणि माझ्याजवळ बोलायच्या वेगळ्या. एकदा आम्ही दोघं त्यांच्या शेताकडं चाललो होतो. तूर फुलात आली होती. तात्या मधेच थांबले आणि म्हणाले, "मास्तर, तुझा दोस्त लई हसतो रे तिथं." मला वाटलं, सुखात आहे म्हणून सांगतायत. "तसं न्हाई," ते म्हणाले. "लोकं त्याच्या बोलन्याची नक्कल करतेत, तवा हसतो. उंटावरून आलास का म्हनतेत, तवा हसतो. त्यांच्या आधी हसतो. मी इचारलं, तू कावून हसतोस? तर म्हनला, तात्या, हितं हसलं की निम्मं भांडान मिटतं. न्हाई हसलं तर म्हनतेत, ह्याला इनोद कळत न्हाई, ह्यो आपला न्हाई." एवढं बोलून त्यांनी तुरीची एक शेंडी खुडली आणि उगीच चुरगाळत राहिले.

तिथल्या झेंड्याच्या सणाला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाला, सुदामनं दुकानावर सगळ्या रस्त्यात मोठा झेंडा लावला होता, तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. "नवी सून कशी जरा जास्तच वाकून नमस्कार करती, तसं हाय त्याचं. आता त्यात त्याचं वय गेलं. परत ये म्हनलं तर म्हनतो, येतो की पुढल्या दिवाळीला." ही पुढली दिवाळी मी त्यांच्या तोंडून दर वर्षी ऐकत होतो. त्यांनी सुदामची खोली रंगवून ठेवली होती. जुनी पलंगपेटी काढून नवी कॉट घातली होती. माणूस वर्षभर टोपी घालून अमेरिकेचं कौतुक करायचा, पण त्याला आयुष्याकडून एकच पाहिजे होतं, पोरगं घरी यावं.

दिवाळी नुकतीच झाली होती. बबनची टोळी ट्रॅक्टरमध्ये पोरंबाळं, भांडी, शेरडं घालून कर्नाटकात ऊसतोडीला निघून गेली होती. त्यानंतरच्या आठवड्यात सकाळी सकाळी सुदामच्या बायकोचा, वैशालीचा, मला फोन आला. तात्यांना फोन करायची तिची हिंमत झाली नव्हती. दुकानात कुणीतरी बंदूक घेऊन शिरला होता आणि त्यानं सुदामला गोळी घातली होती. सुदाम जागीच गेला.

मी तात्यांच्या घरी गेलो तेव्हा ते अंगणात दात घासत होते. मला बघून त्यांनी सवयीनं हात वर केले. मी काही ठो म्हटलं नव्हतं. माझं तोंड बघून ते हात तसेच हळूहळू खाली आले. त्यापुढचं मला सांगता येणार नाही. इतकंच सांगतो की मुंबईला विमानापर्यंत मीच त्यांना घेऊन गेलो आणि अख्ख्या रस्त्यात ते फक्त एकदा बोलले. "मास्तर, मी पोचंस्तोवर ठिवतील ना रे त्याला?" मी म्हटलं, ठेवतील. त्यांनी ठेवलं होतं.

तात्या परत आले ते गुढीपाडव्याच्या तोंडावर. डोक्यावर टोपी नव्हती. गाव भेटायला गेलं, बसलं, उठलं. मी मागं थांबलो. मग ते आपणहून बोलायला लागले.

"दुकानातल्या क्यामेऱ्यात समदं हाय," ते म्हणाले. "पोलिसांनी सुनंला दावलं. मी बी मागून बघितलं. नको म्हनत व्हते, मी बघितलं. त्यो मानूस आत आला. तोंडावर फडकं. त्यानं बंदूक धरली न् आपल्या सुदामनं हात वर केले." इथं त्यांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं. "हसत व्हता रे. त्याला वाटलं बॉबच हाय. हात वर करून हसत हुबा राहिला. त्या मानसानं काईतरी मागितलं, ह्यो हसतोच हाय. त्या बंदूकवाल्याला वाटलं आसंल, ह्यो आपल्याला हसतो."

शाळेत मारकुट्या मास्तरांपुढंही सुदाम असाच हसायचा आणि म्हणून जास्त मार खायचा, ते मला आठवलं. मी ते बोललो नाही.

"बॉब आलता मातीला," तात्या पुढं सांगायला लागले. "टोपी काढून हातात धरली व्हती. माझ्या गळ्यात पडून लहान लेकरावानी रडला. येवढा मोठा मानूस. सारखं एकच म्हनत व्हता, सॅम माझा दोस्त व्हता. आता त्याच्यावर राग तरी कसा धरावा? त्यानं काय केलं? इनोदच केला. मी बी त्योच केला. हितं येऊन समद्या गावाला शिकवला." मी त्यांचा हात धरला.

त्यानंतर हॉटेलात ठो बंद झालं. कुणी कुणाला सांगितलं नाही, आपोआप बंद झालं. तात्या आले की माणसं रामराम म्हणायची, सरकून जागा करून द्यायची. तात्या चहा प्यायचे आणि बोलायचे नाहीत. मधे एकदा चौकात सभा झाली. आमचा एक पुढारी शेजारच्या गावच्या लोकांची नक्कल करायला लागला. ते कसे बोलतात, कसे चालतात. लोक हसायला लागले. पुढच्या खुर्चीवर बसलेले तात्या उठले आणि सगळ्या सभेसमोरून घरी चालत गेले. पुढारी माइकवरून म्हणाला, तात्यांना लघवीला लागली वाटतं. लोक आणखी हसले. त्या दिवशी माझ्याच गावाची मला भीती वाटली.

उन्हं तापली तशा ऊसतोडीच्या टोळ्या परतायला लागल्या. एका सकाळी मी आणि तात्या हॉटेलात बसलो होतो. तात्या दाराजवळच्या बाकड्यावर होते. बाहेर ट्रॅक्टर थांबला आणि धुळीनं भरलेला बबन उतरला. सहा महिन्यांनी गाव दिसल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. दुसऱ्या कुणीतरी त्याला सुदामचं सांगितलं असेल असं गावातल्या ज्याला त्याला वाटलं, म्हणून त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. त्यानं दारातून तात्यांना बघितलं, दोन बोटं रोखली आणि चौकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडला, "ठो."

मालकानं भजी उलटायचा झारा तसाच वर धरला. मी उठायला लागलो, बबनला धरून बाहेर न्यावं म्हणून. तात्यांनी मला नजरेनंच खाली बसवलं. मग त्यांनी दोन्ही हात वर केले. डोळेही मोठे केले, पूर्वी करायचे तसेच. बबन हसत होता, पण बाकी कुणीच हसत नाही हे हळूहळू त्याच्या लक्षात आलं आणि पुढचं बोलणं त्याच्या तोंडातच राहिलं. तो माझ्याकडं बघायला लागला, मालकाकडं बघायला लागला. तात्यांचे हात वरच होते.

"बबन्या," तात्या अगदी हळू म्हणाले, "पुढचं म्हन की, बाबा."

बबनला काही कळलं नाही. पण तात्यांचं त्यानं कधी मोडलं नव्हतं.

"जस्ट जोकिंग, तात्या," तो म्हणाला.

तात्यांनी हात खाली घेतले, त्याला शेजारी बसवून घेतलं आणि दोन चहा सांगितले.