नऊ तासांचं विमान

२०१४ च्या जानेवारीत मी लंडनला निघाले, तेव्हा डहाणूजवळ आगर गावातल्या आमच्या वाडीत चिकूची तोडणी चालू होती. जाळी लावलेली काठी हातात तशीच धरून बाबा गाडीपाशी आले. आई ओट्यावरून उतरेना. नर्सच्या नोकरीसाठी पोरीनं एवढ्या लांब जावं, हे तिला पटलं नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "अगं, नऊ तासांचं तर विमान! मावशीकडच्या लग्नाहून येताना तलासरीला एसटी बंद पडली, तेव्हा आपला अख्खा दिवस गेला होता."

आई जराशी हसली. "नऊ तासच ना? मग जा बाय."

किलोमीटर मी सांगितलेच नाहीत. ते सात हजारांच्या वर भरतात.

तुमच्यापैकी जे बाहेर आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. वॉर्डातल्या लंच ब्रेकमध्ये मी सँडविच खात असायचे आणि तिकडे आई तुळशीपुढे दिवा लावत असायची. व्हिडिओ कॉलवर बाबा मला वाडी दाखवायचे. निम्मा वेळ त्यांचा कानच दिसायचा, पण "हे झाड बघ, कसं लगडलंय" हे ऐकायला मी फोन ठेवत नसे.

२०१७ मध्ये एका सोमवारी सकाळी धाकट्या भावाचा, नीलेशचा फोन आला. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. शिफ्ट बदलून घेतली, तिकीट मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं मिळालं. विमानात समोरच्या स्क्रीनवर नकाशा होता. उरलेले तास कमी होत होते आणि मी त्यावरून नजर हलवली नाही.

नीलेश विमानतळावर आला होता. बॅग उचलून थेट गाडीकडे निघाला. चारोटी नाक्यावरून गाडी डहाणूकडे वळली, तेव्हा म्हणाला, "ताई, बाबा पहाटे गेले. तू विमानात होतीस."

अंगणात माणसं माझ्यासाठी थांबली होती. आईनं माझा हात धरला. "नऊ तास म्हणाली होतीस ना, बाय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. फोन आल्यापासून अंगणात पाय ठेवेपर्यंत दोन दिवस गेले होते.

महिनाभर राहिले. नोकरी सोडते म्हणाले, तर आईच चिडली. "इथे माझ्या तोंडाकडे बघत बसणार? तिकडे आजारी माणसं आहेत तुझी."

आता दर हिवाळ्यात जाते. यंदा, २०१९ मध्ये, लंडनला परत आले आणि कोट काढायच्या आतच आईचा फोन आला.

"घरी पोचलीस का गं?"

लंडनच्या या दोन खोल्यांना ती पहिल्यांदाच घर म्हणाली. मला तिची काळजी वाटू नये म्हणून म्हणाली असेल. मी "हो, पोचले" म्हटलं, फोन ठेवला आणि तशीच कोटासकट खाली बसले. तिनं मनोमन मला इथे नांदायला धाडलं होतं. मी मात्र अजून आगरहून निघालेच नव्हते.