सबनीसची बिनकाडीची आग

उबीन बेटावर दिवसाढवळ्या आदिमानव पाहिलेला सिंगापूरमधला एकमेव मराठी माणूस म्हणजे मी! आता, तोंडाला गेरू फासून खाणीच्या पाण्यात मी माझ्याकडेच बघत होतो, ही गोष्ट वेगळी.

आमच्या टोळक्याचे किस्से असे एकावर एक चढलेत की खालचा ओढायला जावं तर वरचा अंगावर येतो. म्हणून आज फक्त उबीनचे सांगतो. यातले निम्मे उद्योग माझे. उरलेले कुणाचे, ते मला विचारू नका.

टोळकं तिघांचं. मी, अण्णा. आठवी नापास, तुआसच्या शिपयार्डात लेथवर उभा राहून म्हातारा झालेला टर्नर. दुसरा देशपांडे, पुण्याचा आयटीवाला. त्याला तहान लागली तरी आधी नेटवर बघतो. तिसरा सबनीस, बँकेत अकाउंटंट, पासिर रिसला फ्लॅट. सार्सची साथ सरली, बँकेने माणसं कमी केली, त्यात सबनीस घरी बसला. बसला म्हणजे खरोखरच बसला. सोफ्यावरून उठेना.

मग लायब्ररीतून त्याने आदिमानवावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि डोळ्यांत चमक आली.

"अण्णा, ना नखं, ना सुळे, ना इथे कायम राहायचा पीआर! तरी माणूस हजारो वर्षं तगला. मग मी का नाही?"

सबनीसच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, मात्र पुण्याला परत जायचं होतं. आठ दिवस वाद झाले, शेवटी ठरलं: दिवाळीपर्यंत सबनीसने काडीपेटी आणि लायटरशिवाय आग पेटवून दाखवली, तर इथेच राहायचं, नव्याने काम शोधायचं. नाही पेटली तर मुकाट पुणं. लोकांनी सिंगापुरात राहायचं की नाही ते इमिग्रेशन ठरवतं. यांचं दोन लाकडं ठरवणार होती!

माझा स्वार्थही सांगून टाकतो. मी एकटा माणूस. रविवारची आमटी वहिनींच्या हातची. हे दोघं गेले की मी आणि हॉकर सेंटरचं, म्हणजे इथल्या खाऊगल्लीचं टेबल.

*

दर रविवारी चांगीहून बमबोट, म्हणजे छोटी मोटरहोडी, पकडून उबीनला जायचं. तिथे सायकली भाड्याने देणारा लिम अंकल होता. त्याच्या घरामागे ग्रॅनाइटची जुनी, पाण्याने भरलेली खाण आणि तिच्या कडेला एक कपार. तेच आमचं अश्मयुग.

पहिला धडा दगडाच्या हत्यारांचा. ग्रॅनाइट काही नीट फुटेना. सबनीसचं बोट फुटलं, देशपांडेचा चष्मा फुटला. मला दया आली. तुआसमधल्या एका दोस्ताच्या वर्कशॉपात ग्राइंडरवर चार दगडांना झकास धार लावली आणि पुढच्या रविवारी ते गुपचूप कपारीजवळच्या ओढ्यात सोडून दिले.

तासाभराने सबनीस ओरडत आला. ओंजळीत दगड, डोळ्यांत पाणी. "अण्णा, पाच सापडले!"

मी म्हटलं, "चार असतील बघ."

"तुम्हाला काय माहीत?"

मोजले तर पाच. माझ्या चार दगडांवर ग्राइंडरच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या. पाचवा मळकट, गुळगुळीत. हातात धरला तर अंगठ्याला बरोबर जागा, तर्जनीला बरोबर जागा. चाळीस वर्षं मी हत्यारं हाताळली, पण इतकं हाताला बसणारं एकही नाही. घाम आला तो उन्हाने, असं मी तेव्हा ठरवलं.

*

दुसरा धडा, जंगलात काय खायचं. सबनीसने एक रानकंद उकरला. पुस्तकात म्हणे असेच कंद होते. देशपांडेने जरासा चावून बघितला आणि पाचव्या मिनिटाला त्याचा घसा असा खाजायला लागला की तो माकडासारखा गळा ओरबाडत पळाला. लिम अंकलने त्याला शहाळं पाजलं आणि शांतपणे सांगितलं, "दॅट वन मस्ट सोक मेनी डेज, लाह. नो सोक, डाय."

सबनीसला मात्र आनंद झाला. "बघा! प्रत्येक टोळीत असा एक जण असायचा. तो आधी खायचा, बाकीचे त्याच्याकडे बघत बसायचे."

देशपांडेने घोगऱ्या आवाजात विचारलं, "त्याला काय म्हणायचे?"

मी म्हटलं, "कैलासवासी!"

*

तिसरा किस्सा म्हणजे आमच्या टोळीची कला. टेक्का मार्केटाजवळच्या दुकानातून मी गेरू आणला. शनिवारी एकटाच उबीनला गेलो, गेरू पाण्यात कालवून तोंडात धरला, कपारीच्या भिंतीवर उजवा पंजा ठेवला आणि भोवती फुर्रकन फवारा! हात काढला तर भिंतीवर पंजा उमटलेला. पुस्तकातल्या गुहेत होता तसाच. त्याच वेळी मी खाणीच्या पाण्यात डोकावलो आणि मगाशी सांगितलेला तो आदिमानव पाहिला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घेऊन ऐटीत कपारीत शिरलो. सबनीस भिंतीपाशी थबकला. "अण्णा... दोन आहेत."

माझ्या पंजाशेजारी दुसरा पंजा होता. लहान, डावा. तोही तसाच, भोवती फवारा मारलेला. गेरू माझ्या घरी डब्यात होता.

मी देशपांडेकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक. नाटक करायची अक्कल त्याला नाही, हे मी लेखी देतो. मी लिम अंकलला ओढत आणलं. त्याने माझ्या पंजाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे, मग माझ्या मिशीला चिकटलेल्या गेरूकडे.

"यू से हॅलो," अंकल म्हणाला. "दे से हॅलो बॅक, लाह. वॉट यू एक्स्पेक्ट?"

आणि कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेला.

*

चौथा धडा पहाऱ्याचा. सबनीस म्हणाला, "आदिमानव सगळे एकदम झोपत नसत. एक जण जागा राहायचा, म्हणून टोळी वाचायची." त्याने नियम केला. दुपारी जेवून कपारीत आडवं व्हायचं. एकाने जागं राहून दगडावर दगड टकटक वाजवत राहायचं, म्हणजे बाकीच्यांना झोपेतही कळतं की पहारा आहे. पंधरा मिनिटं झाली की पुढच्याला उठवायचं.

पहिली पाळी माझी. टक... टक... टक... आता, शिपयार्डातली रात्रपाळी झोपेत काढलेला माणूस मी! कधी डोळा लागला कळलंच नाही.

जाग आली तेव्हा सावली सरकून पार खाणीच्या पाण्यावर गेली होती. दीड-दोन तास उलटले होते. टकटक चालूच होती. संथ, एकसारखी. मला बरं वाटलं, सबनीसने न उठवता पाळी घेतली म्हणायची. कूस वळवली. सबनीस माझ्याकडे तोंड करून झोपला होता, डोळे उघडे. त्याच्या पलीकडे देशपांडे, त्याचेही डोळे उघडे. तिघांचे सहाही हात रिकामे.

टक... टक... टक...

"कुणाची पाळी आहे?" सबनीसने ओठांतल्या ओठांत विचारलं.

देशपांडे म्हणाला, "ज्याची असेल त्याला थँक्यू म्हणा आणि चला!"

*

दिवाळीआधीचा शेवटचा रविवार. देशपांडेने यायला साफ नकार दिला, पण वहिनी स्वतः आल्या, निकाल बघायला. बोटीत बसतानाच म्हणाल्या, "आज नाही पेटली तर उद्या तिकिटं."

कपारीत पोचता पोचता धो धो पावसाने आम्हाला भिजवलं. भर दुपारी काळोख दाटला. सबनीस लाकडावर लाकूड घुसळत बसला. पाऊण तास. तळहाताचे फोड फुटले, लाकडावर रक्त आलं. धूर यायचा, विरायचा.

माझी तयारी होती. काथ्याच्या गोळ्यात पेटती मच्छर कॉइल लपवून तो सबनीसच्या हाती द्यायचा, बस्स! खिशात हात घातला, तर कॉइलच्या डबीत पाणी शिरून तिचा चिखल झालेला, लायटरही ओला. आयुष्यात एकदाच चांगल्या कामासाठी लबाडी करायला गेलो, तीही फसली.

सबनीसने लाकडं खाली ठेवली. "चल," तो वहिनींना म्हणाला. "पुण्याला जाऊ." आणि भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मीही मान खाली घातली.

फुस्स.

वर बघितलं तर लाकडांजवळ ठेवलेल्या काथ्याच्या गोळ्यातून वीतभर जाळ उठला होता.

सबनीस पावसात जाऊन नाचला! "पेटली! अण्णा, पेटली! उद्याच अर्ज टाकतो कामाचे!" पन्नाशीचा अकाउंटंट चिखलात उड्या मारत होता.

वहिनी माझ्याजवळ सरकल्या. "अण्णा, खरं सांगा."

मी डबी उघडून ओला चिखल दाखवला, लायटर दोनदा खटखटवून दाखवला. "आईची शपथ वहिनी, आज मी काही केलं नाही."

"मला माहीत आहे. मी तुमच्या हातांवरच नजर ठेवून होते." जाळाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही पेटवली नाही, मी पेटवली नाही, हे तर पाठ फिरवून रडत होते. म्हणजे ह्यांनी इथेच राहावं असं आणखी कुणाला तरी वाटतंय. मग अण्णा, आता कधी पुण्याला जायचं झालं, तर विचारायचं कुणाला?"